काल्याचा घास

"हनुवटी छातीले लावा जी. आता गिळा," रुख्माबाई म्हणाल्या.

रुपरावांनी चमच्यातलं पाणी गिळलं. पाणी कसलं, पावडर घालून खळीसारखं घट्ट केलेलं. ऑपरेशनात गळ्यातली गाठ निघाली, पण आवाजाची नस दुखावली होती. एका बाजूचा स्वरपडदा हलेना, त्यामुळे गिळताना श्वासनळीचं दार पुरतं लागत नव्हतं.

"पातळ पाणी धावतं, काका," दवाखान्यातल्या रुचिका मॅडमनी समजावलं होतं. "दार लागायच्या आधीच आत शिरतं. आणि कोरडे कण तर नकोतच. ते बाहेर फेकायला तुमच्या खोकल्यात जोर नाही."

तेव्हापासून त्यांना तहान लागली तरी भीती वाटे.

"आज काल्याले नका जाऊ."

"दुरून ऐकीन वं." आवाज म्हणजे नुसती हवा.

"मंग शालिकरामभाऊले तरी सांगा."

"काय सांगू? रुपरावले घास गिळता येत नाई म्हणून?"

हुडकेश्वरच्या मंदिरात सप्ताहाचा शेवटचा दिवस होता. महाल भागातल्या दुकानात साड्यांच्या घड्या घालायच्या त्या पोटासाठी. कीर्तनात बुवांच्या मागे टाळ घेऊन चाल उचलायची, हे रुपरावांचं खरं जगणं. आज मात्र ते खांबाशी टेकून बसले. बुवांनी गोपाळांच्या शिदोऱ्या अशा काही सोडल्या, की घटकाभर त्यांना आपला गळाही आठवला नाही.

हंडी फुटली. दह्यात कालवलेल्या लाह्या परातीत आल्या. इथे काला कोणी आपल्या हाताने खात नाही. ज्याने त्याने दुसऱ्याच्या मुखी घालायचा. टाळातला जोडीदार शालिकराम गर्दी सारत आला.

"कोपऱ्यात काहून बसला गा? नवरदेवावानी लाजून राहिला काय? आ कर!"

"नाई..." टाळांच्या गजरात शब्द बुडाला. पण तो म्हणायला तोंड उघडलं होतं, आणि तेवढ्यात घास आत गेला.

दही निसटलं. मागोमाग एक लाही. रुपराव खोकले, फुसका वारा निघाला. श्वास ओढला तर बारीक शिट्टी वाजली, आणि तीही थांबली. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. समोरचे लोक कौतुकाने बघत होते, म्हातारा रंगलाय म्हणून. पांडुरंगा, इथं नको. शालिकरामच्या हातानं तर नकोच.

बायकांच्या बाजूने रुख्माबाई धावत आल्या. त्यांनी नवऱ्याची मान खाली दाबली. "थुका! थुका म्हणते ना!"

प्रसाद थुंकायचा? जमिनीवर? रुपरावांनी ओठ मिटून घेतले. चेहरा काळानिळा पडत चालला.

शालिकरामला काय ते उमगलं. त्याने गुडघे टेकून ओंजळ तोंडाखाली धरली. "याच्यात टाक. खाली पडू देत नाई मी. टाक रे बाप्पा!"

रुपरावांनी पोटातून जोर लावला. एकदा. पुन्हा. ओंजळीत काहीतरी पडलं आणि हवा करवतीसारखी आवाज करत आत शिरली.



"मले सांगतलं काहून नाई बे?" शालिकरामने ओंजळ तशीच धरून विचारलं.

"सांगतलं असतं... तं तू घास देला नसता."

रुख्माबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला. "भाऊ, हात धुवा."

शालिकरामने ओंजळीकडे पाहिलं. ती कपाळाला लावली आणि तोंडात रिकामी केली. मग तो हळूहळू चावत राहिला. नजर रुपरावांच्या छातीवर होती. ती वर जात होती, खाली येत होती.