सरस लावलेला टेकू

मी एक टेकू बोलतोय. वीतभर लांब, अंगठ्याएवढा जाड. तुम्ही मला पाहिलं नसेल, कारण माझं बरंचसं आयुष्य एका डबल बेसच्या पोटात गेलं. डबल बेस म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ, माणसाहून उंच. त्याच्या पुढच्या आणि मागच्या फळीमध्ये एक टेकू उभा असतो. तारांचा नाद त्याच्यातून मागच्या फळीत उतरतो.

जन्माने मी टेबलाचा पाय. दादा सुतार, टेबलं-कपाटं करायचा. त्याची धाकटी बहीण वाद्यवृंदात बेस वाजवायची. एकदा तिने चारही तारा एकदम काढल्या आणि आतला टेकू लवंडला. दादाने तो बाहेर काढला. त्याला तो फारच पुचाट वाटला. मग त्याने चांगलं टणक लाकूड बघून मला तासलं, आत उभं केलं आणि दोन्ही टोकांना सरस लावला.

"आता जन्मात हलायचा नाही," तो म्हणाला.

धाकटीने एक तार छेडली. जराशी थांबली. मग छान झालंय म्हणाली. मी छाती काढून उभा राहिलो. पुढे प्रत्येक कार्यक्रमाला दादा पहिल्या रांगेत बसायचा आणि शेजारच्याला सांगायचा, आतलं काम माझं आहे.

वर्षं गेली. एक दिवस वाद्यवृंदाच्या संचालकांनी तिला बजावलं, तुमचा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचत नाही. बेस नीट करून आणा, नाहीतर ही जागा दुसऱ्याला जाईल.

धाकटीची वणवण सुरू झाली. गिटारच्या दुकानदाराने बेसच्या पोटाला हात लावायला नकार दिला. लांबच्या शहरात एक कारागीर होता, पण बेसला बसमध्ये कोण घेणार? मी बघतो ना, असं दादा म्हणाला की ती विषय बदलायची. शेवटी पियानो जुळवणाऱ्याने पत्ता दिला. गावातच, लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर एक म्हातारे कारागीर होते. बेस जिन्यावरून चढवायला दोन माणसं लागतात. दादाला बोलावण्यावाचून तिला गत्यंतर नव्हतं.

कारागिरांनी आत दिवा सोडला, आरशातून मला पाहिलं. "हा चिकटवला कुणी? हा नुसता दाबावर मोकळा उभा राहिला पाहिजे."

धाकटी खाली बघत राहिली.

"मी," दादा म्हणाला. "काढा तो." मग तिच्याकडे वळला. "तुला कळलं होतं?"

"पहिल्याच दिवशी."

"मग बोलली का नाहीस?"

"किती हौसेनं केलं होतंस, दादा."

कारागिरांनी पुढची फळी उघडली, सरस सोडवला, मला बाकावर ठेवलं. माझ्या जागी हलक्या लाकडाचा टेकू आला. काम आटोपल्यावर धाकटीने गज ओढला आणि सगळी खोली भरून गेली. इतकी वर्षं त्या पोटात राहून मी तो आवाज पहिल्यांदा ऐकला. मला फार लाज वाटली.

"पहिल्या रांगेत बसून मी ऐकत काय होतो?" दादा पुटपुटला. त्याने मला खिशात टाकलं.

धाकटीची जागा टिकली. मी आता दादाच्या कारखान्यात आहे. समोरच्या घरात तिचा रियाज सुरू झाला की तो करवत बंद करतो, खिडकी वर सरकवतो आणि खाली टेकू म्हणून मला उभं करतो. रियाज संपला की काढून घेतो.

दादा, इथे मी असाच बरा आहे. फक्त सरस लावू नकोस.