कामाचा चाकू

आमच्या गावात विजेचे खांब आले आणि तारा आल्या नाहीत, त्या वर्षीची ही गोष्ट. खांब पुढं बरीच वर्षं तसेच उभे होते. वर कावळे बसायचे, बुंध्याला म्हशी अंग घासायच्या. पाहुण्यांनी विचारलं तर आम्ही ‘वीज आली’ असंच सांगायचो. कुठपर्यंत आली ते सांगायचो नाही.

मी तेव्हा या घरात नवी होते. आमचे हे दूर रस्त्याच्या कामावर, पेरणीच्या तोंडाला येणार. घरात सासूबाई आणि मामंजी, म्हणजे माझे सासरे. दोघांनाही बोलायची हौस नव्हती. सासूबाई सगळं घासण्यातून बोलायच्या. राग आला की भांडी घासायच्या, बरं वाटलं तरी भांडीच घासायच्या. मामंजींचं बोलणं बैलांशी. मला कधीकधी वाटायचं, आपल्याला जीभ दिलीय ती नुसती गिळायला.

गोठ्याला टेकून एक पडवी होती. तिथं धाकटे मामंजी राहायचे, सासऱ्यांचे पाठचे भाऊ. लग्न केलेलं नव्हतं. गाव त्यांना ‘खटका’ म्हणायचं. कारण सदऱ्याच्या खिशात कायम एक घडीचा चाकू, आणि विचारात पडले की तो उघडायचे, मिटायचे, उघडायचे, मिटायचे. पातं बाहेर येऊन खटक्यावर बसलं की आवाज व्हायचा, टक्. कमरेला चामड्याच्या म्यानात दुसरा, बिनघडीचा, रानात न्यायचा. बाकीचे पडवीच्या भिंतीवर, प्रत्येक आपापल्या खुंटीला. सगळे हातानं घडवलेले. अमुक लोहार चांगलं पातं काढतो असं कानावर आलं की हा माणूस भाकरी बांधून डोंगर ओलांडायचा. पारावरची माणसं म्हणायची, “लोक सोयरीक बघायला जातात, खटका चाकू बघायला जातो. निदान चाकू नाही तरी म्हणत नाही!”

धाकट्या मामंजींचं जेवण पडवीत जायचं आणि ते न्यायचं काम माझ्याकडं आलं. का, ते सासूबाईंनी एकदाच सांगितलं, कढईचं बूड घासता घासता. “खटका उडाला दोघांचा.”

“कशावरून?”

“जेवताना. हे म्हणाले, तू आणि तुझे चाकू, दोन्ही बिनकामाचे. भावजी ताटावरून उठले. तुझा नवरा तेव्हा रांगत होता.”

एवढंच. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात. इथं तलवारी कुठल्या, दोन जुने चाकू होते, तरी राहिनात. रानात मात्र बरोबर राबायचे, एक या टोकाला, एक त्या टोकाला. निरोप बैलांमार्फत. मामंजी डाव्या बैलाला म्हणायचे, “उद्या कांदा उपटायचाय, कुणाला तरी कळलं तर बरं.” धाकटे उजव्या बैलाची पाठ खाजवत म्हणायचे, “कळलं म्हणून सांग.” बैल बिचारे मधल्यामध्ये कान हलवायचे.

मी ताट घेऊन गेले की धाकटे मामंजी हात धुवायचे, आणि जेवायच्या आधी भिंतीवरचा एक चाकू काढून मला दाखवायचे.

“हा बघ सूनबाई. शिंगाची मूठ. याचा लोहार डावखुरा होता.”

“कशावरून ओळखलं?”

“डाव्या हातात धर. बघ, कशी बसली मूठ. त्यानं स्वतःच्या हातावर माप घेतलं, गिऱ्हाइकाच्या नाही. एकटा असणार. जवळ दुसरा हात नसला की माणूस आपलाच घेतो.”

मग तेलाचं बोट पात्यावरून फिरवून चाकू पुन्हा खुंटीला. सगळी पाती पाण्यासारखी लखलखीत. त्यांनी त्यांतल्या एकानंही कधी काही कापलं नव्हतं. पोलाद कांद्यालिंबाला लागलं की काळं पडतं, आणि पडलेला डाग घासला तर नक्षी जाते, असं म्हणायचे. रोज एक चाकू, रोज एका न पाहिलेल्या माणसाची गोष्ट. दिवसभरात माझ्याशी कुणी बोललं तर तेवढंच. त्यांच्याशीही बहुधा तेवढंच.

खांब कुणाच्या रानातून जावेत यावरून शेजारच्या गावात दोन घरं भांडली आणि एकानं दुसऱ्याच्या पोटात सुरी घातली. माणूस वाचला, पण चौकीवरून हुकूम सुटला. चौकीतला शिपाई पारावर उभा राहून ओरडला, “वितीपेक्षा लांब पातं असेल, किंवा खटक्याचा चाकू असेल, तर नीट ऐका! कामाचं असेल तर घरात ठेवा. बिनकामाचं असेल तर चौकीत जमा करा. परवा जमादार स्वतः घरं बघणार आहेत. सापडलं तर परत मिळणार नाही!”

पारावरचा शिंपी म्हणाला, “झालं. खटक्याची अख्खी वरात चौकीत.”

कुणी हसलं नाही.

मी ताट घेऊन गेले तेव्हा धाकटे मामंजी खाली बसले होते आणि चाकू एकेक करून धोतराच्या पानात गुंडाळत होते. खुंट्या उघड्या पडल्या होत्या. भिंत एकदम म्हातारी दिसायला लागली.

“पुरून ठेवता येणार नाहीत?” मी विचारलं.

“जमिनीत गंजतील. गंजण्यापेक्षा चौकीत बरे.” मग जरा थांबून, “बरोबरच आहे म्हणा. बिनकामाचेच आहेत.”

तो शब्द ऐकला आणि मला काय झालं कुणास ठाऊक. नवी सून, चुलत सासऱ्यांसमोर मान वर करायची नाही, आणि मी सरळ म्हणाले, “मग कामाला लावा.”

“काय?”

“शिपाई काय म्हणाला? कामाचं असेल तर ठेवा. रानात कांद्याची पात कापायला बायका येतात, विळे बोथट झालेत म्हणून रडतात. प्रत्येकीला एक द्या. ज्याच्या घरी चूल आहे तिथं चाकूला काम आहे.”

“काळे पडतील.”

“पडतील.”

“कोण कसा वापरेल. डबे उचकटतील, ओले ठेवतील.”

“ठेवतील. पण राहतील तरी गावात.”

खिशातला चाकू उघडला, मिटला. टक्. पुन्हा टक्. शेवटी उठले, बाहेरच्या टोपलीतला एक कांदा घेतला आणि शिंगाच्या मुठीचं ते पातं, ज्याला आजवर तेलाशिवाय काही लागलं नव्हतं, त्यात घातलं. कांदा दुभंगला. त्यांनी चाकू पुसला नाही. बघता बघता पात्यावर निळसर काळी सावली चढत गेली. कांद्यानं डोळ्यांत पाणी येतंच, त्यामुळं दुसऱ्या कशानं आलं असेल तर ते कळायला मार्ग नव्हता.

“ने,” ते म्हणाले. “वाट.”

दुसऱ्या दिवशी रानात जत्रा भरली. टोपल्या विणणारी आली, सुईण आली, शिंपीण आली, कोळीण तर आपल्या दोन सुनांना घेऊन आली. “अगंबाई, हा तर लोण्यातून जातो!” “माझ्या नवऱ्याचं डोकं याच्यापेक्षा बोथट आहे गं.” “तुझ्या नवऱ्याला धार लावायला खटक्याकडं धाड.” धाकटे मामंजी बांधावर उभे, आणि प्रत्येक चुकीच्या कापाला त्यांच्या तोंडातून ‘स्स’ असा आवाज. कोळणीनं चाकू मातीत खुपसला तेव्हा तर खालीच बसले. मामंजी लांबच्या टोकाला कांदे उपटत होते. वर बघत होते, पुन्हा खाली बघत होते. बैलांना काही बोलले नाहीत.

संध्याकाळी प्रत्येक चाकू एकेका घरात गेला, काळा होऊन, कांद्याचा वास घेऊन. एक आमच्या घरात राहिला, सगळ्यांत सुंदर. पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी होती. तो धाकट्या मामंजींनी स्वतः माझ्या हातात दिला. “वहिनींना दे. म्हणावं, जपून.”

आणि इथंच घोटाळा झाला. सासूबाईंच्या लेखी जपणं म्हणजे घासणं.

जमादार दुसऱ्या दिवशी दुपारी आला. पोट पुढं, शिपाई मागं. पडवीत नुसत्या खुंट्या बघून तो भडकला. “कुठंयत चाकू?”

“कामावर गेलेत,” धाकटे मामंजी म्हणाले.

जमादार घरोघर फिरला. कोळणीकडं मासळी साफ करणं चाललेलं, शिंप्याकडं कापडाच्या गठ्ठ्याची सुतळी कापणं, टोपलीवालीकडं कामट्या सोलणं. सगळीकडं ही काळी पाती आणि वर नक्षीदार मुठी.

“कांदा कापायला एवढी नक्षी?” जमादार सुइणीला म्हणाला.

“आमचा कांदा मानी आहे, साहेब. साध्या चाकूला रडवतो.”

शिपाई हसला आणि जमादारानं बघितल्यावर खोकला. हात हलवत दोघं शेवटी आमच्या दारात आले. मी चूल पेटवत होते. वर फळीवर तो चाकू. मी तो आत्ता नीट बघितला. सासूबाईंनी तो राखेनं असा घासला होता की लाटा फिकट झाल्या होत्या आणि त्यात छप्पर दिसत होतं. दुसऱ्याची वस्तू, लख्खच ठेवायची ना!

जमादारानं चाकू उचलला, उजेडात धरला. “हा सापडला. हा काही कामाचा नाही. यानं आयुष्यात कांदा बघितला नाही.”

सासूबाईंच्या हातातली राख तशीच राहिली. “अहो, मी घासला तो,” त्या म्हणाल्या. ऐकतो कोण. दाराशी धाकटे मामंजी येऊन उभे राहिले होते. खिशातला चाकूही वाजत नव्हता, तो त्यांनी आधीच माझ्या डाळीच्या डब्याजवळ ठेवला होता.

तेवढ्यात मागच्या दारातून मामंजी आले. पाय मातीनं भरलेले. चाकूकडं बघितलं, जमादाराकडं बघितलं, मग दारात उभ्या भावाकडं.

“कुणाचा हा?” जमादारानं विचारलं.

“घरचा,” मामंजी म्हणाले.

“बिनकामाचा दिसतोय.”

मामंजींना बैलांशी बोलायची सवय, माणसांशी नाही.

“कामाचा आहे तो,” ते म्हणाले.

“हा?”

“तो. कामाचा आहे.” नजर चाकूवर नव्हती. “मी एकदा नाही म्हणालो होतो. चुकलं माझं.”

जमादाराला त्यातलं काय कळणार. त्यानं चाकू कागदात गुंडाळला आणि नेला. नियम तो नियम. धाकट्या मामंजींनी अडवलं नाही. चौकीकडं जाणाऱ्या वाटेकडं बघत ते बराच वेळ उभे राहिले, मग पडवीत गेले. मामंजी बैलांना पाणी दाखवायला गेले. कुणी कुणाच्या गळ्यात पडलं नाही, तशी आमच्याकडं रीत नव्हती. पण दुसऱ्या सकाळी पडवीच्या उंबऱ्यावर मामंजींचा विळा ठेवलेला होता, बोथट, आणि दुपारी तो धार लावून रानात मामंजींच्या टोकाला ठेवलेला होता.

ताट मात्र शेवटपर्यंत पडवीतच गेलं. सवय.

हुकूम पुढं ढिला पडला, पण चाकू कुणी परत केले नाहीत आणि धाकट्या मामंजींनीही मागितले नाहीत. मात्र दर पंधरवड्याला दगड घेऊन घरोघर जायचे, धार लावायला. ज्या माणसाच्या दारात कुणी जात नव्हतं, त्याला आता प्रत्येक घरात पाट मिळायचा. डाग बघून ओळखायचे, हा कोळणीचा, हा सुइणीचा. बोलायचे थोडं. परतताना पडवीतल्या रिकाम्या खुंट्यांखाली झोपायचे.

मामंजी त्यानंतर दोन पेरण्या बघून गेले. त्या दिवशी धाकटे मामंजी डाव्या बैलाजवळ जाऊन काहीतरी हळूच बोलले. काय ते बैलालाच ठाऊक. सासूबाई उशिरा गेल्या, शेवटी हात हलेना तरी चादर घासत होत्या. जमादाराची बदली झाली. नक्षीचा चाकू त्यानं स्वतःच्या घरी नेला, आणि त्याची बायको त्यानं कांदे कापायची असं ऐकलं. म्हणजे तोही कामाचाच झाला. आमचे हे रस्त्याचं काम संपवून आले, आणि मग कायम दुसऱ्या रस्त्यांवर राहिले. शिंपी शहरात गेला. कोळणीच्या सुना वेगळ्या झाल्या, चाकूवरून भांडल्या आणि शेवटी आळीपाळीनं एक एक वर्ष ठेवायचं ठरलं.

धाकटे मामंजी एका थंडीत पडवीतच वारले. गाव जमलं तेव्हा बायकांनी आपापले चाकू आणले आणि न सांगता खुंट्यांना लावले. भिंत पुन्हा भरली. सगळे काळे, झिजलेले, एकही लखलखीत नाही. नंतर जिचा तिनं परत नेला, कारण संध्याकाळी चूल पेटवायची होती.

खिशातला घडीचा चाकू मात्र माझ्या डाळीच्या डब्याजवळच राहिला, त्यांनी कधी मागितला नाही. आता घरात मी एकटी. गावात तारा आल्या, वीज आली, रात्रभर दिवा लावून बसता येतं. कुणाशी बोलावंसं वाटलं की मी तो चाकू उघडते. टक्. मग मिटते. तेवढं बोलणं पुरतं.