तेरा शनिवार

ऑपरेटरबाईंनी खिडकी पूर्ण उघडली, डावा कान बाहेर केला आणि पाच मिनिटं श्वाससुद्धा बेताने घेतला. मग खुर्चीत बसून वहीत लिहिलं: ‘दुपारी चार. वारा मंद. वाळलेलं एक पान पायऱ्यांवरून घसरत गेलं. बाकी काही नाही.’

पानाचं लिहावं की नाही, असा प्रश्न त्यांना क्षणभर पडला होता. पण हेडमास्तरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, जे ऐकू येईल ते लिहायचं, काही गाळायचं नाही. आणि सांगितलेलं काम सांगितल्यासारखंच करायची बाईंना खोड होती. एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेली. एकदाही चुकीची लाइन जोडली नाही. पलीकडचा माणूस नुसता गप्प राहिला तरी तो रडतोय की रागावलाय, हे त्यांना श्वासावरून कळायचं. ‘ऑपरेटरबाईंचा कान’ असं गावात म्हणत. पुढे आपोआप जोडणारी यंत्रं आली, एक्स्चेंजला कुलूप लागलं, आणि तो कान घरी येऊन बसला.

त्याला पुन्हा काम लागलं ते पवनचक्क्यांमुळे. टेकडीच्या माथ्यावर एका कंपनीला अकरा चक्क्या उभ्या करायच्या होत्या. गाव पेटून उठलं, समिती झाली, फलक लागले. कंपनीचं म्हणणं असं, की टेकडीवर तसाही वाऱ्याचा आवाज असतोच, त्यात चक्क्यांचा कुणाला कळणारसुद्धा नाही. मग समितीने ठरवलं, टेकडीवर किती शांत असतं ते तीन महिने लिहून काढायचं. सकाळी सहा ते संध्याकाळी आठ, दर दोन तासांनी. लिहिणार कोण, हा प्रश्नच नव्हता. टेकडीवर राहणारं माणूस एकच होतं.

गावातली शेवटची गल्ली संपते तिथून एकशे बारा पायऱ्या चढल्या की बाईंचं घर. नवरा होता तोवर त्या पायऱ्या कुणाला जास्त वाटल्या नाहीत. तो गेला आणि सगळ्यांचे गुडघे एकदमच दुखायला लागले.

समितीच्या लोकांना टेकडी फार प्रिय. सकाळी गच्चीत चहाचा कप घेऊन उभं राहायचं आणि तिच्याकडे बघायचं. भाषणात ते तिला आई म्हणत, तिच्यासाठी रक्त सांडायची भाषा करत. त्या आईच्या खांद्यावर एक बाई राहते, तिला कधी दोन शब्द विचारून यावं, असं मात्र त्यांच्यातल्या एकालाही सुचलं नव्हतं. हेडमास्तर तेवढे दर शनिवारी यायचे. तेही कागद न्यायला.

आताही ते येत होते. साठाव्या पायरीवर थांबले, खोकले, पुन्हा निघाले. बाईंनी खिडकी लावून घेतली, केसांवरून हात फिरवला आणि दार उघडायला उगाच थोडा उशीर केला.

“या पायऱ्या कुणी मोजून बांधल्यात की रागाने?” हेडमास्तर दाराची चौकट धरून म्हणाले.

“बसा, सर. पाणी देते.”

“पाणी द्या. चहा नको. उतरताना पोटात डुचमळतो.”

ते बसले. पाणी एका दमात प्यायले. समितीचे अध्यक्ष झाल्यापासून त्यांच्या आवाजाला पुन्हा शाळेतली धार आली होती. निवृत्तीनंतर तो अगदी पडला होता, हे बाईंना आठवत होतं.

“आठवड्याची पानं?”

बाईंनी पानं पुढे केली. हेडमास्तरांनी ती अंगठ्याने फरकन चाळली.

“एक कमी आहे. शुक्रवारचं.”

“अगंबाई. इथेच होतं.” बाईंनी टेबलाचा खण उघडला. मग कपाट. मग वर्तमानपत्रांचा गठ्ठा एकेक करून उलगडला. “परवाचा कार्यक्रम कसा काय ठरलाय?”

“परवा नाही, बुधवारी. अधिकारी येणार, कंपनीचा इंजिनिअर येणार. तुम्हीही यायचं, साक्षीला. एकदा ही वही साहेबांच्या टेबलावर पडली की कंपनीने गाशा गुंडाळलाच म्हणून समजा.” हेडमास्तरांनी घड्याळ पाहिलं. “आणि तुमचीही सुटका. पुढच्या शनिवारपासून ही कटकट नाही.”

“मला कसली कटकट?”

“तुम्हाला नसेल, माझ्या गुडघ्यांना आहे.”

बाई वर्तमानपत्रांवर वाकलेल्याच राहिल्या.

“सर, तुम्ही वाचता का हो, मी लिहिते ते?”

“वाचायचं काय त्यात? काही नाही, काही नाही, काही नाही.” ते मनापासून हसले. “तेच तर हवंय आपल्याला.”

शुक्रवारचं पान बाईंच्याच हातातल्या वहीत होतं, अगदी वरचं. त्यांनी ते काढून दिलं. हेडमास्तर उठले, गुडघा चोळला आणि निघाले. त्यांची पावलं गल्लीच्या फरशीवर जाऊन मिटेपर्यंत बाई दारात उभ्या होत्या. मग आत येऊन त्यांनी लिहिलं: ‘माणसाचा आवाज. हेडमास्तर. सतरा मिनिटं.’

मागच्या शनिवारी चौदा होती.

बुधवारी वाचनालयाच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. पंखे घरघरत होते, खुर्च्या करकरत होत्या, दीडशे माणसं एकाच वेळी बोलत होती. बाई दारातच थांबल्या. इतके आवाज एकदम कानात शिरले की त्यांना भिंतीला हात लावावा लागला. मग सवय झाली. मग बरं वाटायला लागलं.

पुढच्या रांगेत त्यांच्यासाठी खुर्ची ठेवलेली होती. मागेच त्यांची धाकटी जाऊ बसली होती, छातीवर समितीचा बिल्ला लावून.

“जाऊबाई, किती महिन्यांनी दिसताय. खाली उतरतच नाही तुम्ही.”

“पायऱ्या दोन्हीकडून तेवढ्याच आहेत गं.”

“म्हणजे?”

“काही नाही.”

सुनावणीचा अधिकारी सर्दीने बेजार झालेला, सरळ माणूस होता. त्याने आधी कंपनीचं ऐकून घेतलं. मग हेडमास्तर उठले आणि नोंदवही टेबलावर ठेवली. एक्याण्णव दिवस, सातशे अठ्ठावीस नोंदी. अधिकाऱ्याने मधलीच काही पानं वरवर चाळली आणि वही इंजिनिअरकडे सरकवली. इंजिनिअर तरुण होता, त्याने ती खरोखर वाचली. तीन महिन्यांत ती वाचणारा तो पहिला.

“इथे पाचव्या आठवड्यात लिहिलंय,” तो म्हणाला, “‘संध्याकाळी सहा. स्वतःचा आवाज, मध्यम, दोन मिनिटं.’ हे काय आहे?”

हेडमास्तरांनी बाईंकडे पाहिलं. बाई उभ्या राहिल्या.

“मी बोलले होते.”

“कुणाशी?”

बाईंनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

“जे ऐकू येईल ते लिहायचं, असं ठरलं होतं,” त्या म्हणाल्या. “मला ऐकू आलं.”

कुणीतरी खुदकन हसलं. इंजिनिअर हसला नाही. त्याने ते पान उलटून टाकलं, जणू चुकून दुसऱ्याचं पत्र उघडलं गेलं होतं.

पण हेडमास्तरांनी संधी सोडली नाही. “बघा, साहेब! याला म्हणतात प्रामाणिकपणा. स्वतःचासुद्धा आवाज सोडला नाही. आणि आता समितीच्या पोरांनी मोजलेला हा आकडा ऐका. सातशे अठ्ठावीस नोंदी. त्यात दुसऱ्या माणसाचा आवाज किती वेळा?” वर्गात फळ्यापुढे थांबावं तसे ते थांबले. “तेरा वेळा. तीन महिन्यांत फक्त तेरा!”

“ते तेरा कोण?” अधिकाऱ्याने रुमालातून विचारलं.

हेडमास्तरांनी पानं चाळली. “शनिवार… शनिवार… हाही शनिवार.” मग त्यांचा चेहरा उजळला. “तो मीच, साहेब!”

सभागृह हसलं. मग टाळ्या सुरू झाल्या. आधी पुढच्या रांगेत, मग मागे, मग खिडक्यांत बसलेल्यांनीही वाजवल्या. तीन महिन्यांत एका बाईच्या घरी हेडमास्तरांखेरीज दुसरं माणूस बोललं नाही, म्हणून अख्खं गाव टाळ्या वाजवत होतं. लोक वाईट नव्हते. त्यांना खरंच आनंद झाला होता. बाई उभ्याच होत्या, त्यामुळे टाळ्या त्यांच्यासाठीच आहेत असं दिसत होतं, आणि पाठीवर थाप मारल्यासारखं कुणीतरी म्हणालंही, “वा, बाई!”

धाकट्या जावेच्या टाळ्या मध्येच थांबल्या. बाईंना ते मागे न बघता कळलं.

अधिकाऱ्याने हात वर करून शांत केलं. “नोंदी स्पष्ट आहेत. एवढी शांत जागा असेल तर कंपनीला दुसरीकडे बघावं लागेल. या वहीला कुणाची हरकत नसेल तर मी ती स्वीकारतो आणि प्रस्ताव परत पाठवतो.” त्याने पेनाचं टोपण काढलं. “हरकत आहे कुणाची?”

इंजिनिअरने नुसती नकारार्थी मान हलवली. हेडमास्तर हसत हसत बसायला लागले.

“माझी आहे,” बाई म्हणाल्या.

हेडमास्तर अर्धे बसलेले तसेच राहिले.

“तुमची?” अधिकारी म्हणाला. “वही तर तुमचीच.”

“म्हणूनच सांगते. ती धरू नका. मला हल्ली नीट ऐकू येत नाही.”

सभागृहात एवढी शांतता पसरली की बाहेर कुणीतरी सायकल भिंतीला टेकवल्याचा आवाज आला. तो बाईंना ऐकू आला. सायकलला स्टँड नव्हता, हेही कळलं. त्यांनी चेहरा हलू दिला नाही.

“उजव्या कानाने मुळीच नाही,” त्या म्हणाल्या. “डाव्याने थोडं. जिथे ‘काही नाही’ लिहिलंय तिथे काही असेलही. मला नसेल कळलं.”

“बाई, काय बोलताय!” हेडमास्तरांचा आवाज फुटला. “हे आधी नाही सांगायचं?”

“लाज वाटली, सर.”

एकतीस वर्षांत एक चुकीची लाइन न जोडणाऱ्या बाईने हे भर सभेत सांगितलं, आणि सांगताना तिचे कान लाल झाले. ते पाहून सगळ्यांना खरं वाटलं.

अधिकाऱ्याने नाक पुसलं आणि बराच वेळ काहीतरी लिहिलं. मग वाचून दाखवलं. जुनी वही रद्द. नवी नोंद, पुन्हा तीन महिने, त्याच घरात, त्याच वेळांना. एकट्या माणसाच्या कानावर विसंबायचं नाही. समितीचा एक माणूस सकाळी सहापासून संध्याकाळी आठपर्यंत तिथे हजर पाहिजे. रोज वेगळा. दोघांच्या सह्या. तोवर प्रस्ताव तसाच राहील. कंपनीची हरकत? इंजिनिअर म्हणाला, काही हरकत नाही. म्हणताना त्याने एकदा बाईंकडे पाहिलं आणि लगेच आपल्या कागदांत डोकं घातलं.

अधिकारी गेल्यावर खरा गलका झाला. तीन महिने, रोज, दिवसभर! कुणाचं दुकान होतं, कुणाची पाठ धरली होती, कुणाच्या घरी पाहुणे यायचे होते. टेकडीसाठी रक्त सांडायला निघालेले लोक एकशे बारा पायऱ्यांपाशी अडकले.

“म्हातारीने घात केला,” चार रांगा मागे कुणीतरी अगदी हळू म्हणालं. बाईंनी शब्दन् शब्द ऐकला आणि समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिल्या.

खांद्यापाशी कुणाचा तरी श्वास जाणवला. धाकटी जाऊ होती.

“खरंच ऐकू येत नाही तुम्हाला?” ती इतक्या खालच्या आवाजात बोलली की शेजारच्या बाईलाही ते कळलं नाही.

बाई हलल्या नाहीत.

जाऊ थोडा वेळ तशीच ओणवी राहिली. मग ताठ झाली आणि मोठ्याने म्हणाली, “सोमवार माझा लिहा.”

“तुमचे गुडघे?” हेडमास्तरांनी विचारलं.

“माझे आहेत ते. मी बघेन. लिहा.”

एकीने नाव दिलं म्हटल्यावर दुसऱ्याला नाही म्हणणं जड गेलं. मंगळवार शिंप्याच्या बायकोने घेतला, बुधवार औषधांच्या दुकानदाराने कुरकुरत. गुरुवारवरून दोघांची जुंपली, कारण दोघांनाही तो नको होता, आणि शेवटी दोघांनी आलटून पालटून यायचं ठरलं. शुक्रवार, रविवार भरले. शनिवारच्या रकान्यात हेडमास्तरांनी कुणाला न विचारता स्वतःचं नाव लिहिलं. लिहिताना त्यांचा हात जरा जास्तच दाबून चालला होता.

कागद घडी करून ते बाईंच्या रांगेच्या टोकाशी आले. राग अजून गेला नव्हता.

“सोमवारपासून सुरू, बाई. सहाच्या आत दार उघडं ठेवा.”

बाईंना ते पहिल्याच वेळी स्वच्छ ऐकू आलं होतं. मधे चार रिकाम्या खुर्च्या होत्या. त्यांनी कानामागे हात धरला.

“जरा जवळ येऊन बोलता का, सर?”

हेडमास्तरांनी सुस्कारा सोडला, एकेक खुर्ची बाजूला सारत ते आले, आणि बाईंच्या शेजारी बसले.