कासवाची खिडकी

"ही पायरी कशासाठी?" नव्या प्रोग्रामची आखणी करायला आलेल्या बाईंनी विचारलं, आणि मी चहाच्या कपात तोंड घातलं.

रुग्णालयाच्या नोंदणीचा प्रोग्राम मी एकोणीस वर्षांपूर्वी लिहिला. ठिगळं लावून लावून त्याची गोधडी झाली होती. आता तो मोडीत काढून नवा लिहायचा, म्हणून जुन्यातलं काय ठेवायचं याची यादी चालली होती. पहिल्या खिडकीवरच्या ताईंनाही बोलावलं होतं. त्या सुरुवातीपासून त्याच खुर्चीत. नोंद करायच्या, ती बंद करायच्या, तीच नोंद पुन्हा उघडून नाव-वय वाचायच्या आणि मगच पुढच्या रुग्णाला हाक मारायच्या. त्यामुळे त्यांची रांग कायम दारापर्यंत. लोक नाही नाही ते बोलत. संथपणाचं कारण देऊन दोनदा त्यांची बढती अडवली गेली. सगळे त्यांना मागून कासव म्हणायचे. खरं सांगायचं तर ते नाव मीच ठेवलं होतं.

"ह्या साहेबांनीच सांगितलंय," ताई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या. "नोंद कधीकधी मध्येच हरवते. मी दरवेळी बघते ना, म्हणून माझ्या खिडकीवरची एकही हरवली नाही आजवर."

केवढ्या अभिमानाने बोलल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नोंदी हरवायच्या ती चूक माझ्या प्रोग्रामची होती. 'चार दिवस जरा पुन्हा उघडून बघत जा', असं मी त्यांना म्हटलं होतं. आठव्या दिवशी चूक काढली. बाकीच्या खिडक्या नंतर उघडल्या, त्यांना हे ठाऊकच नव्हतं. ताईंना सांगायचं राहून गेलं. राहून कसलं गेलं, झालेली फजिती पुन्हा उकरायला नको म्हणून मी टाळलं, आणि पुढे विसरलो.

बाई लिहू लागल्या, 'नोंद पुन्हा दाखवणे, आवश्यक.' गप्प बसलो असतो तर झाकली मूठ सव्वा लाखाची. पण मग नव्या प्रोग्रामवरही ताई निवृत्त होईपर्यंत तेच करत बसल्या असत्या.

"ते खोडा," मी म्हणालो. "ती चूक मी आठ दिवसांत काढली होती. ताईंना सांगितलं नाही."

ताई माझ्याकडे वळल्या.

"कुठल्या साली?"

"पहिल्याच."

त्यांनी मान हलवली, पर्स उचलली. "जाते मी. खिडकी बंद आहे, लोक खोळंबले असतील."

तासाभराने माफी मागायला खाली गेलो. सरळ समोर जायचा धीर होईना, म्हणून रांगेत शेवटी उभा राहिलो. पुढे वीसेक माणसं होती. ताईंनी एका म्हातारीची नोंद केली. बोट सवयीने पुन्हा बटणाकडे गेलं आणि तिथेच थांबलं. त्यांनी हात मांडीवर ठेवला आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

रांग भराभर सरकू लागली. काय बोलायचं ते जुळवायच्या आतच माझी पाळी आली.