अण्णांचा टवटवीत चेहरा

कसबा बावड्याच्या त्या ऑफिसात वर्षाराणीला पगार मिळायचा तो व्हिडिओ कॉलच्या ॲपचं चित्र तपासायचा. मुद्दाम नेटवर्क पाडायचं, चित्र किती छान दिसतंय बघायचं आणि पाचापैकी मार्क द्यायचे. नमुन्याला ऑफिसातलीच माणसं. आता कोल्हापुरी माणूस कॅमेऱ्यापुढं साधा बसतोय होय? इस्त्रीचा शर्ट, तोंडाला पावडर, जणू मुलगी बघायला निघालाय. आजारी एकही नाही. नेटवर्क पडलं की ॲप चेहऱ्याचा रंग अंदाजानं भरायचं, चेहरा आणखीच खुलायचा, आणि सगळे झाडून पाच मार्क द्यायचे. वर्षाराणीनंही दिले.

श्रावणात एका संध्याकाळी चंदगडला तिच्या वडिलांना, अण्णांना, धाप लागली. ओढ्याला पाणी चढलेलं, नेटवर्क पडलेलं, दवाखाना गाठायचा तर लांबचा वळसा. तिनं हट्टानं आपल्याच ॲपवर डॉक्टर जोडून दिले आणि स्वतःही कोल्हापुरातनं कॉलवर बसली.

"व्हट निळं पडल्यात ओ डॉक्टर," आई, चिमणाबाई, सांगत होती.

"मला दिसतंय ना मावशी. रंग चांगला आहे. सकाळी घेऊन या."

"आई, तिथं उजेड कमी हाय," वर्षाराणी म्हणाली. "हितं अण्णा झ्याक दिसत्यात."

पोरगी शिकलेली, त्यातच काम करणारी. आईनं तिचं ऐकलं. अण्णा पहाटेच्या आत गेले.

दिवसकार्य उरकून ती कामावर आली. चाचणीचं ॲप म्हणून अण्णांच्या फोननं कॅमेऱ्यातलं मूळ चित्रही साठवलं होतं. तिनं आधी डॉक्टरांना दिसलेलं चित्र लावलं. माणूस कोण, ते सांगितलं नाही.

"पाच," शेजारचा राजवीर म्हणाला. "पावणं टवटवीत हायत की."

मग तिनं बाजूला मूळ चित्र लावलं. तोच माणूस, तीच धाप, पण ओठ जांभळं खाल्ल्यासारखे. राजवीरची मानच खाली गेली.

"हितनं पुढं दोन्ही शेजारी लावून मार्क द्यायचे," ती म्हणाली. "आणि नमुन्याला आजारी माणसं घ्यायची." साहेबांनीही लगेच होकार दिला. एवढं सोपं होतं ते, आणि कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. तिला स्वतःचीच चीड आली.

दुपारी आईचा फोन आला.

"भिंतीला लावाय अण्णांचा फोटू पायजे. त्या कॉलातला काढ. मला हितं लई वंगाळ दिसत हुतं, पर तुला तिकडं झ्याक दिसलं न्हवं? तसाच लाव."

वर्षाराणीला नाही म्हणता येईना.