गुरुवारचे सौदे

बँकेतल्या बाईंनी नंबर पुन्हा एकदा टाकून पाहिला. “काकू, ही ठेव तर फेब्रुवारीतच मोडलीय. तुम्हा दोघांच्या सह्या आहेत.”

सिंधुताईंना वाटलं, दुसऱ्याच कुणाचं खातं उघडलं असेल. उदगीरला माहेरच्या जमिनीतला हिस्सा मिळाला, त्याचे नऊ लाख त्यांनी नवऱ्याच्या आणि आपल्या नावानं इथं ठेवले होते. येत्या सोमवारी लातूरला त्यांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं होतं, त्यासाठीच त्या ठेव मोडायला आल्या होत्या. सही? हो, केली होती. ठेव पुढं चालू ठेवायचा कागद आहे, असं हणमंतराव म्हणाले होते.

हणमंतराव बाहेर स्कूटरपाशी उभे होते. नांदेडच्या एका शाळेत जन्मभर कारकुनी केलेला, भाजीवालीकडून सुटा रुपयाही परत घेणारा माणूस. सिंधुताईंचा चेहरा पाहून त्यांनी मान खाली घातली.

“पैसे कुठं हायत?”

“बँकेत सडत पडले होते, सिंधु. व्याज साडेपाच टक्के अन् महागाई सात. आकडा वाढतोय असं दिसतं, पण त्यात सामान दरसाल कमीच येतं. तेलाचा डबा किती महागला, तूच सांगत होतीस ना?”

ते खरं होतं.

“मग नेले कुठं?”

“आधी चांगल्या कंपन्यांचे शेअर घेतले. वाढले बी. मग मोबाइलवर आठवड्याचे सौदे करू लागलो. बाजार वर जाईल का खाली, त्यावर पैसे लावायचे. दर गुरुवारी निकाल. पहिल्याच गुरुवारी चाळीस हजार सुटले.”

“अन् आता किती हायत?”

“एक लाख ऐंशी हजार.”

सिंधुताई बँकेच्या पायरीवर मटकन बसल्या. गुडघ्यांतून कळ गेली. समोरून ऑटो जात होते, कुणीतरी केळी विकत होतं. हे सगळं नेहमीसारखं कसं चाललंय, हेच त्यांना कळेना.

“सोमवारी दवाखान्यात काय सांगणार होतात?”

“उद्या गुरुवार हाय,” हणमंतराव हळूच म्हणाले. “उरलेले सगळे उद्या लावले की निघतील भरून.”

पैसे गेले त्यापेक्षा या वाक्यानं सिंधुताई जास्त हादरल्या. चाळीस वर्षं ज्याच्याबरोबर संसार केला, तो हाच का?

“मोबाइल काढा,” त्या म्हणाल्या. “हितंच, माझ्यासमोर, सगळे पैसे बँकेत परत पाठवा.”

“सिंधु, एकच दिवस…”

“न्हाई.”

त्यांनी तिथंच सगळं करायला लावलं आणि सौद्यांचं ते अ‍ॅपही काढून टाकायला लावलं. गुरुवारी हणमंतराव दिवसभर घरात येरझाऱ्या घालत होते. शुक्रवारी पैसे खात्यात आले.

लातूरच्या डॉक्टरांनी तेवढ्या पैशांत एकच गुडघा करून दिला. तिसऱ्या दिवशी नर्सनं सिंधुताईंना वॉकर धरून व्हरांड्यात चालवलं. एक पाय सरळ पडायचा, दुसरा फरपटत यायचा. बाकावर बसलेल्या हणमंतरावांना ते पाहवेना. ते तोंडावर उपरणं घेऊन रडू लागले.

सिंधुताई थांबल्या. जवळ जावंसं त्यांना वाटलं. पण त्या गेल्या नाहीत. “चल गं बाई,” त्या नर्सला म्हणाल्या, आणि वॉकर पुढं सरकवला.