सोनबर्डीकरांची सासू

सोनबर्डीकरांच्या कादंबऱ्यांबद्दल माझं मत कोणी विचारत नाही, म्हणून मीच सांगते. माणूस पानं भराभर उलटायला लावतो, हे कबूल. पण त्याची नायिका ऊठसूट हुंदके देते, नवरा शेवटच्या प्रकरणात अचानक सुधारतो आणि सासू? पहिल्या पानापासून कैदाशीण! एवढ्या कादंबऱ्यांत एक सासू धड असेल तर शपथ. या गृहस्थांनी घरातली एकच बाजू ऐकून लेखणी उचललेली दिसते.

तरी मी त्या वाचते, आणि तेही मोठ्यानं. माझ्या सासूबाईंना, धुरपदाबाईंना (मी त्यांना आईच म्हणते), मोतीबिंदूमुळे अक्षर दिसत नाही आणि ऑपरेशनचं नाव काढलं की त्यांना नेमका इच्छापूरच्या देवीचा फेडायचा राहिलेला नवस आठवतो. म्हणून मी शाळेतून आले की आमचा चहा होतो आणि चहानंतर सोनबर्डीकर.

आता मला सांगा, 'ती थेरडी दात विचकून हसली' हे खुद्द सासूच्या तोंडावर कुठली सून वाचेल? पहिल्याच दिवशी मी अडखळले आणि वाचलं, 'ती माउली गालातल्या गालात हसली.' एकदा जीभ सैल सुटली ती सुटलीच. विष कालवणाऱ्या सासवा माझ्या तोंडून सुनांना तूप वाढू लागल्या. परवाच्या कादंबरीत सासू सुनेच्या पाटल्या हिसकावून घेते. मी ऐनवेळी तोंडाला आलं ते ठोकून दिलं. सासूनं स्वतःच्याच पाटल्या मोडून सुनेला नर्सिंगला घातलं आणि घरात सांगितलं, धुणं धुताना नदीत वाहून गेल्या. आईंनी डोळ्यांना पदर लावला.

"लिहिणारा सासूचं मन जाणतो वं," त्या म्हणाल्या.

आणि नेमकं आमच्या राजपुऱ्यातल्या वाचनालयानं सोनबर्डीकरांना भाषणाला बोलावलं. आईंनी हट्टच धरला, "मले त्याले भेटायचं आहे." मी ऊन दाखवलं, गर्दी दाखवली, त्यांचे गुडघे दाखवले. पण कसलं काय! मावा जलेबीचा डबा घेऊन त्या माझ्या आधी ऑटोत जाऊन बसल्या. इतके दिवस त्या माझ्यावर विसंबून ऐकत होत्या आणि मी थापा मारत होते. हे चारचौघांत कळलं, तर त्या पुन्हा माझ्यासमोर ऐकायला बसतील का?

भाषण संपलं तशा आई उभ्या राहिल्या.

"साहेब, त्या सासूनं पाटल्या मोडल्या अन् नदीत गेल्या म्हणून सांगलं, ते तुमाले कसं काय सुचलं?"

सगळ्या कादंबऱ्या वाचलेल्या ग्रंथपाल मोतीलालजींनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी मनातल्या मनात देवीला नारळ बोलले. सोनबर्डीकर जरा गोंधळले, मग त्यांनी छातीवर हात ठेवला.

"आजी, तो प्रसंग लिहिताना मी ढसाढसा रडलो होतो."

टाळ्या पडल्या. माझी भीती कुठल्या कुठे पळाली आणि तळपायाची आग मस्तकात गेली. प्रसंग माझा आणि रडला हा! या माणसाला स्वतःची पुस्तकंसुद्धा आठवत नव्हती. मी उठणारच होते, पण आईंनी माझा हात धरून मला दाराकडे ओढलं.

परतताना ऑटोत पाहते तर डबा त्यांच्या मांडीवरच.

"आई, जलेबी द्यायची राहिली."

"राहिली नाही. मी दिली नाही. झूठा आहे तो. 'मी नाही लिहिलं' म्हणाला असता, तर दिली असती."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?" मी विचारलं.

"पाटल्या मी मोडल्या होत्या, तुह्या बी.एड.साठी," आई म्हणाल्या. "ताप्तीत वाहून गेल्या म्हणून तुह्या मामंजीले सांगलं, ते तुले अन् मले सोडून कोणाले ठाऊक आहे? तू वाचलं तवाच समजली मी."

मला रडू फुटलं. सोनबर्डीकरांच्या नायिकेला इतकी नावं ठेवली आणि भर रस्त्यात, ऑटोवाल्यादेखत, मी तिच्यासारखीच हुंदके देत बसले. आईंनी डबा उघडून जलेबी माझ्या तोंडात कोंबली.

"खा. अन् उद्यापासून सासूले जरा खडूस ठेव. एवढी चांगली मी कधीच नव्हती."